बोट किती वेळाने यावं

“मधुभाऊ गेले. आता हिच्या वाटचं कोन बोलन?”

मामाच्या अंगणात, पाण्याच्या टाकीपलीकडे, दोन बायका भांडी घासत बोलत होत्या. टाकीच्या अलीकडे मी तांब्या भरत उभी होते. मी त्यांना दिसत नव्हते, आणि दिसले असते तरी फारसा फरक पडला नसता, कारण त्या वाईट बोलत नव्हत्या, खरं बोलत होत्या. दुसरी म्हणाली, “कोनी नाई बोलन. येवढी कॉन्व्हेंटात शिकली, पुन्याले नोकरी करते, पन नाव विचारलं तरी मामाच्या तोंडाकडं पाहे.” तांब्या भरून पाणी माझ्या पायांवर सांडायला लागलं. मला त्यांच्यासमोर जाऊन काहीतरी म्हणायचं होतं. काय, ते ठरत नव्हतं. आणि ठरत नव्हतं म्हणून माझी नजर सवयीने पडवीच्या कोपऱ्याकडे गेली, जिथून मामा हटकून ओरडला असता, “मुकी नाई वो ते, विचार करून राह्यली.” म्हणजे मी मुकी नाही हे सांगायलासुद्धा मला मामाच लागत होता... त्या दिवशी मला रडू आलं नाही. चीड आली, आणि ती अजून गेलेली नाही. हे लिहायला बसले आहे त्यात त्या चिडीचा वाटा मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते.

मधुकरमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. कुरखेड्यापासून थोडं आत त्याचं गाव, धानाच्या थोड्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, आणि हिवाळाभर नाटक कंपनीत प्रॉम्टरचं काम. झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. धान घरात आलं की आमच्या भागात गावोगावी मंडई म्हणजे जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती भरतात, आणि त्या निमित्ताने रात्रभर नाटकं चालतात. नट आज एका गावात दारुडा बाप असतो, उद्या दुसऱ्या गावात इन्स्पेक्टर. पाठांतराला वेळ कुणाकडेच नसतो. म्हणून रंगमंचाच्या पुढच्या कडेला खड्डा करतात, त्यात प्रॉम्टर बसतो आणि नाटकातलं एकूण एक वाक्य नटाच्या आधी म्हणतो. इतरत्र प्रॉम्टर म्हणजे अडल्यावरची मदत. आमच्याकडे तो नटाच्या एक वाक्य पुढेच चालतो. मामाचं स्वतःचं स्टूल होतं, बुटकं, सायकलच्या जुन्या ट्यूबा विणून केलेलं. ते मोटरसायकलच्या मागे बांधून तो गावोगावी न्यायचा. दुसऱ्या कशावर बसलं की आपला आवाज लागत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

हरिभाऊ हे त्या कंपनीतले मुख्य नट आणि मामाचे जुने मित्र. एकदा एका नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात हरिभाऊ मरणाऱ्या मुलीच्या उशाशी बसलेले, पेटीवाल्याने सूर धरलेला, समोरच्या बाया पदर डोळ्यांना लावून बसलेल्या. तेवढ्यात खड्ड्यात मामाच्या पायाला मुंगळा डसला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “अगा मायवो, मुंगळा चावला.” वर हरिभाऊंनी दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि कापऱ्या आवाजात म्हटलं, “अगा मायवो... मुंगळा चावला.” बायांचं रडणं थांबलं नाही, उलट वाढलं. दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या लोकांनी छेडलं तेव्हा हरिभाऊ शपथेवर सांगायला लागले की ते वाक्य नाटकातच आहे. ही गोष्ट मामा प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, “विश्वास म्हन्तेत याले.” लहानपणी मी ती ऐकून पोट धरून हसायचे. मोठी झाल्यावर हसू येईनासं झालं. जन्मभर नाटकात काम केलेल्या माणसाला आपण काय बोलतोय हे कळू नये, यात हसण्यासारखं काय आहे ते मला दिसेना. मामाला मात्र ते शेवटपर्यंत कौतुकाचंच वाटलं.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. सुट्टीत मी चंद्रपूरहून एसटीने उतरले की मधुमामा भर रस्त्यात वाकून माझ्या पायांना हात लावायचा आणि सरळ उभा होईपर्यंत सूचना सुरू झालेल्या असायच्या. बॅग इकडून धर, त्या दगडावर पाय देऊ नको, मामीला आधी आवाज दे. एका वर्षी त्याने मार्कंड्याच्या जत्रेतून टीव्हीला जोडायचा गेम आणला. त्यात एक माकड होतं, झाडावरून झाडावर उड्या मारत जायचं, खाली नदी. रिमोट माझ्या हातात, मामा माझ्या मागे. “आता नाई... आता नाई... आता. अवो, आता म्हन्लं ना.” माकड पोचायचं. प्रत्येक वेळी पोचायचं. मला एकदा तरी त्याला नदीत पडू द्यायचं होतं, पडल्यावर काय होतं ते पाहायचं होतं. पण मामाचा “आता” कानात शिरला की बोट आपोआप बटण दाबायचं. मी म्हटलं, घे तू खेळ. तर म्हणाला, “मी नाई खेळत. मी सांगतो.” आणि शेवटचं झाड आलं की उठून स्वयंपाकघरात जाऊन मामीला सांगायचा, “आम्ही जिंकलो.”

माझ्या शाळाप्रवेशाच्या मुलाखतीलाही तोच आला होता, कारण बाबांची कामावरची पाळी होती. बाईंनी नाव विचारलं. मागच्या बाकावरून कुजबुज आली, मी नाव सांगितलं. बाबांचं नाव, पोपटाचा रंग, आठवड्याचे वार... सगळं मागून येत गेलं आणि पुढे जात राहिलं. बाई मामाकडे बघून हसल्या. प्रवेश मिळाला. तो प्रवेश खरा कुणाला मिळाला, हा प्रश्न मला बरीच वर्षं सतावत होता.

आणि मग नशिबाची थट्टा बघा, मी पोट भरायला लागले ते याच धंद्यात. पुण्यातल्या एका कंपनीत आम्ही मोबाईलवरचे गेम बनवतो. चित्रं माझी नसतात, संगीत माझं नसतं. खेळणारा कुठे अडेल, अडल्यावर त्याला काय दाखवायचं, किती दाखवायचं, हे ठरवणं माझं काम. आमच्या एका गेमची कल्पना मात्र माझी होती. तलावातलं पाणी पाटाचे तुकडे फिरवून फिरवून सगळ्या बांध्यांपर्यंत न्यायचं. त्यातल्या एकेका कोड्याला आम्ही पाटच म्हणतो. ते तलाव, त्या बांध्या मामाच्या गावच्या. खेळणारा काही वेळ स्वस्थ बसला की पडद्यावर एक पांढरं बोट येतं आणि बरोबर तुकड्यावर हलायला लागतं. ते बोट किती वेळाने यावं, यावर आमच्याकडे जेवढी भांडणं होतात तेवढी पगारावरूनही होत नाहीत.

आणि मला कुणी सरळ विचारलं असतं, बोट हवं की नको, तर मला उत्तर देता आलं नसतं. या गेमची बोट नसलेली पहिली प्रत मी आईला दिली होती. दुसऱ्याच पाटाला ती अडली, थोडा वेळ इकडेतिकडे बोट फिरवलं आणि फोन परत देत म्हणाली, “नाही गं जमत मला. तुम्हा लोकांचं आहे ते.” तिने गेमला नावं ठेवली असती तर चाललं असतं. तिने स्वतःलाच ठेवली. त्या दिवशी मी ऑफिसात बोटाच्या बाजूने मत दिलं. मग बोट आलं, आणि आम्ही बाहेरच्या लोकांना बोलावून गेम खेळायला दिला. त्यात एक गृहस्थ होते. ते हात मांडीवर ठेवून बसायचे, बोट आलं की तिथे दाबायचे, पुन्हा हात मांडीवर. शेवटपर्यंत गेले. कुठेही अडले नाहीत. नंतर आम्ही विचारलं, गेम कशाचा आहे सांगाल? ते जरा विचार करून म्हणाले, “बोटाचा.” पाणी वाहत होतं हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

मला तेव्हा हरिभाऊंचा मुंगळा आठवला. त्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये मी धीर करून ती गोष्ट सांगायला घेतली. खड्डा, नट, मरणारी मुलगी इथपर्यंत आले, आणि टीमलीड म्हणाला, “म्हणजे थोडक्यात, युजर आंधळेपणाने फॉलो करतो, असंच ना?” मी म्हटलं, हो. मुंगळा चावायचा राहूनच गेला. माझी वाक्यं पुरी करणारी माणसं मला सगळीकडे भेटतात. कुरखेड्यात भेटतात तशी पुण्यातही.

गेल्या दिवाळीत मी मामाच्या फोनवर तो गेम घालून दिला. खाटेवर बसून तो खेळायला लागला, मी शेजारी. थोड्याच वेळात त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

“हे बोट कोनाचं होय वो?”

“माझं,” मी म्हटलं.

त्याने एकदा फोनकडे आणि एकदा माझ्या हाताकडे पाहिलं. “मंग सांग तुह्या बोटाले, जरा दम धर म्हना. मी पाहूनच राह्यलो होतो, तं हे मधातच आलं. मले काय आंधळा समजते का?”

आतून मामीचा आवाज आला, “घ्या. आता समजलं का कसं लागते ते? सारी जिंदगी दुसऱ्याच्या मधात बोलले.”

“माहं येगळं हाय,” मामा म्हणाला. “मी नटाच्या तोंडाकडं पाहून सांगतो. हे घड्याळाकडं पाहून सांगते.”

वाक्य छान होतं. ऑफिसात कुणी म्हटलं असतं तर भिंतीवर लिहून ठेवलं असतं. पण ते म्हणणाऱ्या माणसाने पुढच्याच पाटाला माझ्या हातात फोन दिला आणि मी तुकडा फिरवायच्या आत म्हणाला, “तो कोपऱ्यातला फिरव.” मी म्हटलं, “मामा, हा पाट मी बनवलाय.” “असन,” तो म्हणाला, “पन तू कोपऱ्यातलाच फिरव.” कोपऱ्यातला चुकीचा होता. मी फिरवला तरीही. आणि फोन परत गेल्यावर मी पाहिलं, कुणाचं लक्ष नाही असं वाटलं की मामा फोन खाटेवर ठेवून भलतीकडेच, जांबाच्या झाडाकडे बघत बसायचा. बोट आलं की हळूच दाबायचा आणि म्हणायचा, “हे तं मले मालूमच होतं.” मामा, माझ्या तोंडाकडे तू कधी पाहिलंस रे? हे मला त्या दिवशी विचारायचं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, “चहा पाह्यजे ना तुले? हिले चहा दे वो.” मला चहा नको होता. मी प्यायले.

संध्याकाळी हरिभाऊ फराळाला आले. मामाने त्यांनाही बोट दाखवलं आणि आपलं वाक्य पुन्हा ऐकवलं. हरिभाऊ चकली मोडत म्हणाले, “मधुभाऊ पाहे माह्या तोंडाकडं, पहिले पाहे. आता तं मले शब्द आठवला तरी म्हनाची चोरी. मी आपल्या मनानं म्हनलं तं याले राग येते.”

“तुले आठवलं कवा बे?” मामा म्हणाला. सगळे हसले. हरिभाऊही हसले. जाताना फाटकापाशी चप्पल घालता घालता ते मला हळूच म्हणाले, “आठवे, बाई. खरंच आठवे कधी कधी.”

होळीच्या आधी, वडशाच्या बाजारात भाजी घेताना मामा अर्धांगाचा झटका येऊन पडला. नागपूरला नेलं. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं कळतं, काय म्हणायचं तेही ठाऊक असतं, फक्त शब्द ओठांवर येत नाही. येईल, हळूहळू येईल. त्यांना वेळ द्या, त्यांच्या तोंडात शब्द घालू नका. एवढंच सांगितलं होतं, आणि नेमकं तेवढंच आमच्या घरात कुणाला जमलं नाही. मामा म्हणायचा, “च...” आणि अंगणभर माणसं तुटून पडायची. चहा? चप्पल? चश्मा? चादर? मामा डोळे मिटून घ्यायचा. हरिभाऊ एकदा आले, खाटेच्या उशाशी बसले आणि जुन्या नाटकातली मामाच्या आवडीची वाक्यं मोठ्याने म्हणायला लागले. एक वाक्य म्हणायचं आणि मामाच्या तोंडाकडे बघायचं, पुढचं म्हणायचं आणि बघायचं. त्यांना वाटलं, ऐकून ऐकून तरी जीभ सुटेल. मामाने डावा हात उचलून हरिभाऊंच्या तोंडावर ठेवला. हरिभाऊ उठून बाहेर गेले, ते बराच वेळ आत आलेच नाहीत.

मी रजा घेऊन गेले. मला बघून मामा उठायला लागला. माझ्या पायांपर्यंत वाकता येईना, तेव्हा त्याने डावा हात माझ्या पायांकडे करून स्वतःच्या कपाळाला लावला. मग म्हणाला, “ब...” मी म्हटलं, “बाई?” त्याने डोळे मिटले. त्याला बाई म्हणायचं होतं की बस म्हणायचं होतं की आणखी काही, ते मला आता कधीच कळणार नाही. डॉक्टरांचं म्हणणं या घरात सर्वांत चांगलं मला कळायला हवं होतं. ते माझं रोजचं काम आहे. आणि पहिल्याच अक्षराला माझं बोट मधात आलं.

त्या रात्री मी गेमची एक वेगळी प्रत तयार केली. तिच्यात बोटच ठेवलं नाही. कितीही वेळ बसून राहा, काही येणार नाही. दुसऱ्या दिवशी ती मामाच्या फोनवर घातली. तो डाव्या अंगठ्याने खेळायला लागला. सुरुवातीचे पाट झाले. अंगठा घसरायचा, चुकीचा तुकडा फिरायचा, पुन्हा परत आणायचा. मग एक पाट आला, ज्यात पाणी बांधीत पोचवायचं असेल तर आधी बांधीपासून लांब न्यावं लागतं, तिथे ते साठतं, भरतं आणि मग उलटं फिरून येतं. माझा सर्वांत आवडता पाट. तिथे मामा अडला.

ती दुपार मला जशीच्या तशी आठवते. मोहाचे दिवस होते, सगळ्या गावात तो गोड वास भरलेला. मामी मोहफुलं वाळत टाकायला आत-बाहेर करत होती. मामा तुकडा फिरवायचा, पाणी सुटायचं, बांधीच्या कडेला येऊन थांबायचं. पुन्हा फिरवायचा. पुन्हा तिथेच. मामी मध्येच थांबली. “सांग ना वो त्याले,” ती म्हणाली. “तुले येते ना? तुहाच हाय ना तो खेळ? मंग काऊन तडपवून राह्यली त्याले?” मी म्हटलं, “करू दे ना त्यालाच.” ते तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मला उत्तर ठाऊक होतं. माझी बोटं खाजत होती, म्हणून मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. बऱ्याच वेळाने मामाने फोनवरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. सरळ, पापणी न हलवता. ती नजर कसली होती? सांग, असं म्हणत होती? की खबरदार सांगशील तर, असं म्हणत होती? जन्मभर मी त्याच्याकडे बघत आले, सांग म्हणून. त्याने माझ्याकडे बघायची ही पहिली वेळ, आणि मला वाचता आलं नाही. नटाच्या तोंडाकडं पाहून सांगतो, म्हणे. मी पाहत होते ना, मामा... पाहून कळतं, हे तुला कुणी सांगितलं?

मी हात मांड्यांखालून काढले नाहीत. त्याने फोन छातीवर पालथा ठेवला आणि कूस बदलली.

पुढचे दिवस तो रोज तेवढाच पाट उघडायचा. माझी रजा संपली. निघताना मला वाटलं, जाता जाता सांगून टाकावं. आधी लांब ने, एवढंच. मग वाटलं, पुढच्या खेपेला येईन तेव्हा त्याने तो सोडवलेला असेल आणि मामीला सांगेल, निदान हाताने तरी सांगेल, की मी जिंकलो. आम्ही नव्हे, मी. पुण्याला पोचून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा सकाळी मामीचा फोन आला. चहा घेऊन गेली तर मामा उठला नव्हता. दुसरा झटका, झोपेतच. मी गेले, सगळं उरकलं, आणि मामीने त्याचा फोन माझ्या हातात ठेवला, “तुह्या खेळाचा हाय तो, तूच ठेव.” पाट तसाच उघडा होता. मांडणी माझ्या उत्तराच्या जवळपासही नव्हती. तुकडे असे फिरवलेले होते की तसं करावं असं आजवर एकाही खेळणाऱ्याला सुचलेलं मी पाहिलं नाही. म्हणजे तो हात मांडीवर ठेवून बसला नव्हता, एवढं नक्की. पण त्याने मला मागितलं होतं का, आणि मी दिलं नाही का? सोडवलेला पाट समोर आला असता तर मला बरं वाटलं असतं. कोराच राहिला असता तरी निदान काहीतरी कळलं असतं. हे मधलंच काहीतरी घेऊन मी काय करू?

ऑफिसात परत गेले त्या आठवड्यात ठरलं की बोट आणखी लवकर आणायचं, कारण लोक गेम सोडून जात होते. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत टीमलीड म्हणाला, “हिची हरकत नाहीये. बरोबर ना?” मी होकाराची मान हलवली. तो गेम तुमच्यापैकी कुणाच्या फोनवर असेल तर ते लगेच धावून येणारं बोट माझंच आहे, आणि त्याला दम धरायला सांगा असं एक माणूस मला म्हणाला होता.

गेल्या आठवड्यात नाटक कंपनीच्या लोकांनी वडशाला, तालमीच्या शेडमध्ये, मामाची शोकसभा ठेवली होती. हरिभाऊंनी परस्पर सांगून टाकलं होतं, भाची बोलन. मी पुण्यातच कागदावर लिहून नेलं होतं, मराठी नीट आहे ना म्हणून पुन्हा पुन्हा तपासून. शेडमध्ये एका टोकाला लाकडी रंगमंच, त्यावर मामाचा हार घातलेला फोटो, आणि रंगमंचाच्या खाली, बरोबर मधोमध, त्याचं ते ट्यूबांचं स्टूल. कुणी मुद्दाम ठेवलं नव्हतं. ते तिथेच असायचं. पायऱ्या चढायच्या आधी हरिभाऊंनी माझ्या हातातला कागद काढून घेतला. “भिऊ नको, बाई. मी बसतो इथी. तू फक्त तोंड हालव.” आणि जाऊन स्टुलावर बसले.

मी उभी राहिले. समोर मामी होती, तिच्या शेजारी अंगणातल्या त्या दोन बायका. पहिलं वाक्य माझं मलाच आलं. “मामा माझ्या पाया पडायचा,” मी म्हटलं. ते कागदावर नव्हतं. मग थांबले. शब्द नव्हते म्हणून नाही. येत होते, पण सावकाश येत होते. मोहाच्या वासाची ती दुपार, छातीवर पालथा पडलेला फोन, ती नजर... त्यातलं आधी काय म्हणावं ते ठरत होतं. तेवढ्यात खालून आवाज आला, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा, “माझे मामा हे एक हाडाचे कलावंत होते.” मागच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या, जणू ते मीच म्हटलं होतं. मी म्हटलं नाही. “माझे मामा हे एक हाडाचे...” हरिभाऊंनी पुन्हा दिलं, मान वर करून, ओठ मोठे करून, कागदावरच्या ओळीवर बोट ठेवून. मामी माझ्याकडे बघत होती. त्या दोघी माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या स्टुलाकडे बघत होत्या. माझीही नजर सवयीने तिकडेच गेली. हरिभाऊ पुढे सरकले तशा स्टुलाच्या ट्यूबा करकरल्या, आणि त्यांचं तोंड तिसऱ्यांदा उघडलं.

“हरिभाऊ, थांबा जरा,” मी म्हटलं. “मला आठवू द्या.”